शनिवारी न घेतलेली पुली

गाडी दादाची होती आणि वही माझी. गाडीच्या प्रत्येक फेरीचे किलोमीटर त्या वहीत लिहिलेले आहेत. वही अजून माझ्याकडे आहे. तीत एकही आकडा चुकीचा नाही, हे मी नंतर दोनदा तपासून पाहिलं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. भातकुलीच्या पलीकडे खारपाणपट्ट्यातल्या एका गावात त्याची शेती आहे. हरभरा, तूर, थोडी कपाशी. मी अकोल्यात एका वर्तमानपत्राच्या संपादकीय विभागात होतो. वहिनीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं तेव्हा तिनं पन्नाशीही गाठली नव्हती. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस, दर वेळी चार तास. अमरावतीच्या एका केंद्रात तिला दुपारची पाळी मिळाली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, अकरा ते तीन.

पहिले काही महिने दोघं एसटीनं गेले. एकदा परतताना बसायला जागा मिळाली नाही आणि वहिनी भातकुलीच्या स्टँडवर उतरताच चक्कर येऊन पडली. त्याच आठवड्यात दादानं एका ठेकेदाराची वापरलेली सात सीटची डिझेल गाडी घेतली. पाहिलेल्या गाड्यांपैकी तिचाच एसी नीट चालत होता, म्हणून ती घेतली. डायलिसिसच्या रुग्णाला पाणी मोजून प्यावं लागतं. वहिनीला दिवसाला पाऊण लिटर ठरवून दिलं होतं, त्यात चहा आणि वरणही आलं. उन्हानं तहान वाढते, प्यायलेलं पाणी शरीराबाहेर पडत नाही आणि शेवटी ते फुप्फुसांत साचतं. दादानं हे डॉक्टरांकडून एकदा ऐकलं. त्यानंतर गाडीचा एसी त्याच्या लेखी औषधांपैकी एक झाला.

माझी साप्ताहिक सुट्टी शनिवारी असे. सकाळच्या रेल्वेनं मी अकोल्याहून बडनेऱ्याला उतरायचो आणि तिथून केंद्रावर जायचो. आत एकाच नातेवाइकाला बसू देत. शनिवारी मी बसायचो आणि वहिनीला पेपर वाचून दाखवायचो. दादानं आत बसलेलं तिला चालत नसे. "ते नुसते माह्या तोंडाकडं पायत बसतात," ती म्हणायची. "तुमी निदान वाचता तरी, भाऊजी. ते पायतात अन् उसासे टाकतात. मले वाटते, मी आत्ताच गेली का काय." त्यामुळे मंगळवारी आणि गुरुवारी ती आत एकटी असे आणि दादा बाहेर, पार्किंगमध्ये. तो तिथे चार तास काय करतो, हे मी कधी विचारलं नाही.

वही ठेवायची कल्पना माझी. गाडी जुनी, रस्ता काळ्या मातीचा, आणि ती बंद पडली तर वहिनी मशीनपर्यंत पोहोचणार नाही, हे तिघांनाही माहीत होतं. गुरुवारी चुकलं तर निभावलं असतं. मंगळवारी चुकून चालणार नव्हतं. शनिवार ते मंगळवार हे आठवड्यातलं सर्वात लांब अंतर. मंगळवारी सकाळी तिचा चेहरा सुजलेला असे आणि ओट्याच्या तीन पायऱ्या चढताना तिला धाप लागे. म्हणून गाडीतली कुठलीही वस्तू तुटेपर्यंत वापरायची नाही, तिची मुदत संपण्याआधी ती बदलायची, असं मी ठरवलं. मुदत किलोमीटरमध्ये मोजायची. दादा फोनवर मीटरचा आकडा सांगायचा, मी शनिवारी तो वहीत उतरवायचो. ऑइल, फिल्टर, ब्रेक, पट्टा, पुली, प्रत्येकाचा एक रकाना.

पट्ट्याबद्दल थोडं सांगायला हवं. त्या इंजिनाच्या तोंडाशी रबराचा एक लांब पट्टा असतो. तो तीन वस्तू फिरवतो. बॅटरी भरणारा अल्टरनेटर, इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर. या तिघांच्या मध्ये एक छोटी पुली असते. ती कुठलंच यंत्र चालवत नाही, फक्त पट्ट्याला ताण देते. तिच्या पोटात बेअरिंग असतं आणि बेअरिंगमधलं ग्रीस कारखान्यातच बंद केलेलं असतं. पट्ट्याला भेगा पडल्या तर टॉर्च लावून पाहता येतात. बेअरिंगमधलं ग्रीस वाळलं तर काहीच दिसत नाही, आवाज तेवढा येतो, आणि तोही कुठून येतो ते सांगणं कठीण असतं.

अमरावतीतला आमचा मिस्त्री साठीचा होता. बडनेरा रोडच्या कडेला एका निंबाखाली त्याचं गॅरेज होतं. काम एकटाच करायचा. गाडी घेतली तेव्हा त्यानं पट्टा आणि पुली दोन्ही नवीन टाकली आणि मला नियम सांगितला, "पन्नास हजाराले पट्टा. पुली दुसऱ्या पट्ट्यासंगं. लिवा तुमच्या वहीत, म्हंजे मले विचारू नका." मी लिहिलं, पट्टा पन्नास हजार किलोमीटर, पुली एक लाख.

एप्रिलमध्ये सकाळी गाडी सुरू करताना चिरकल्यासारखा आवाज यायला लागला. पाच-दहा सेकंद येऊन थांबायचा. दादानं गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांचा उपाय केला. आंघोळीच्या साबणाचा तुकडा घेऊन चालू पट्ट्याला आतल्या बाजूनं टेकवला. आवाज बंद झाला.

"गाडीले आंघोय झाली, आता पावडर लावा अन् कुंकू लावा," वहिनी ओट्यावरून म्हणाली.

"आवाज गेला का नाई? मंग?"

"माह्याबी सांध्याईले लावून पाहा तो साबन. तेबी वाजून रायले."

हा संवाद मला फोनवर दोघांनीही सांगितला, प्रत्येकानं आपापली बाजू वरचढ ठेवून. साबणाचा परिणाम दोन दिवस टिकत असे. तिसऱ्या दिवशी पुन्हा साबण. असे तीन आठवडे गेले. मी दर शनिवारी वही पाहत होतो. पट्टा टाकल्यापासून गाडी एक्केचाळीस हजार किलोमीटर चालली होती. नियमाप्रमाणे पट्ट्याला नऊ हजार शिल्लक होते आणि पुलीचा प्रश्नच नव्हता.

मे महिन्याच्या एका शनिवारी वहिनीला आत सोडल्यावर दादा म्हणाला, "चाल, मिस्त्रीकडं जाऊन येऊ. तिले मी सांगून आलो, आज पेपर उशिरा."

मिस्त्रीनं बॉनेट उघडलं आणि पट्टा उलटा करून पाहिला. आडव्या भेगा होत्या, दर बोटभर अंतरावर. एका ठिकाणी रबराचा टवका उडालेला होता. मग त्यानं गाडी चालू करायला लावली आणि एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला. त्याचं टोक पुलीच्या मधल्या बोल्टवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. अर्ध्या मिनिटानं त्यानं स्क्रू-ड्रायव्हर माझ्याकडे दिला.

"ऐका पेपरवाले भाऊ."

मी ऐकलं. घरघर होती. इंजिनाची होती की पुलीची, ते मला सांगता आलं नसतं.

"काही कळत नाही," मी म्हणालो.

"पट्टा त गेलाच. पन मले पट्ट्याची कायजी नाई. हे पुली रडून रायली. आतमंधी ग्रीस नाई उरलं."

"मिस्त्री, एक्केचाळीस हजारच झालेत. पुली लाखाला बदलायची, तुम्हीच सांगितलं होतं."

"म्याच सांगतलं. मंग पट्टा काहून गेला एक्केचाळीसले?" त्यानं दादाकडं पाहिलं. "भाऊ, गाडी उभी चालू ठेवता काय तुमी? जास्त वेळ?"

दादानं आधी माझ्याकडं पाहिलं आणि मग मिस्त्रीकडं. "नाई," तो म्हणाला. "कायले ठेवीन?"

दादानं माझ्याकडं का पाहिलं, हे त्या दिवशी माझ्या लक्षात यायला हवं होतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी, उभ्या गाडीत एसी लावून झोपलेला एक माणूस गुदमरून गेल्याची बातमी माझ्या टेबलावरून गेली होती. त्या शनिवारी मी दादाला ती वाचून दाखवली आणि वरून सुनावलं. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून बसायचं नाही, एकदाही नाही. मी त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे. ज्या सुरात मी बोललो तो सूर बातमीदारांना ओरडण्याचा होता. "नाई बसत बाप्पा," तो तेव्हा म्हणाला होता.

मिस्त्री म्हणाला, "मंग पाहा. पट्टा, पुली दोन्ही आजच टाका. सामान समोरच्या दुकानात हाये. तासाभरात देतो."

"आज शनिवार हाये," दादा म्हणाला.

"मंग?"

"शनिवारी लोखंड घेत नाई आमी."

आमच्या घरात हा नियम आजोबांपासून आहे. शनिवारी खिळासुद्धा विकत आणायचा नाही. लहानपणी आम्ही त्यावर हसायचो. दादाही हसायचा. वहिनी आजारी पडल्यापासून तो हसेनासा झाला होता. आणखीही काही नियम त्यानं पाळायला सुरुवात केली होती. अमावास्येला नवं औषध सुरू करायचं नाही, केंद्रातून निघताना मागं वळून पाहायचं नाही. तिच्या बाबतीत जे म्हणून टाळता येईल ते तो टाळत होता.

"पट्टा?" मिस्त्रीनं विचारलं.

"पट्टा रबराचा. त्याले काय होते? पट्टा टाका आज. पुली मंगळवारी घेऊ, इकडं येनंच हाये."

मिस्त्री हसला. "म्हंजे शनी महाराज रबर नाई खात?"

"तुमी हासा. माह्या घरात बिमार हाये."

मिस्त्रीनं हसू आवरलं. हात पुसत तो माझ्याकडं वळला. "तुमी समजावा याईले. नवा पट्टा कडक रायते. जुन्या पुलीवर त्याचा ताण जास्त पडते. पुली मंगळवारपावतर जाईन बी, नाई बी. मी लिवून नाई देत."

त्या क्षणी निर्णय माझ्याकडं आला होता. शनिवारच्या नियमावर माझा विश्वास नव्हता. मी म्हटलं असतं तर दादानं ऐकलं असतं. कुरकुरला असता, पण ऐकलं असतं, कारण वहीवर त्याचा विश्वास होता. मी वही उघडली. पुलीच्या रकान्यात मुदत एक लाख, झालेले एक्केचाळीस हजार. मला मिस्त्रीच्या कानापेक्षा तो आकडा खात्रीचा वाटला. शिवाय बारा वाजत आले होते आणि वहिनी आत वाट पाहत होती.

"तीन दिवसांचाच प्रश्न आहे," मी म्हणालो. "एक फेरी घरी, एक परत. पट्टा टाका."

पट्टा मुदतीच्या नऊ हजार आधी का गेला, हा मिस्त्रीचा प्रश्न तसाच राहिला. माझ्या टेबलावर आलेल्या बातमीत असा एक अनुत्तरित प्रश्न असता तर मी ती परत पाठवली असती.

पट्टा टाकून आम्ही केंद्रावर परतलो तेव्हा वहिनी जागी होती. दादा दारातूनच म्हणाला, "झालं, पट्टा नवीन टाकला."

"अन् पुली?"

"मंगळवारी."

"दोघं भाऊ एका पट्ट्यापायी तासभर गेले," ती मला म्हणाली. "वाचा आता. कोन मेलं ते आधी वाचा."

तीन वाजता मी दोघांना गाडीत बसवून दिलं. गाडी सुरू होताना चिरकली नाही. दादानं काचेतून अंगठा दाखवला. गाडी फाटकातून बाहेर जाताना वहिनी सीटवर डोकं टेकून डोळे मिटून बसली होती.

मंगळवारी सकाळी मी अकोल्यात घरी होतो. पुढचं मी पाहिलेलं नाही. दादाकडून, कांद्याच्या टेम्पोच्या चालकाकडून आणि माझ्या फोनमधल्या वेळांवरून ते जुळवलं आहे.

ते नऊला निघाले. वहिनी मागच्या सीटवर उशी घेऊन आडवी होती. आडवं झाल्यावर धाप वाढते म्हणून थोड्या वेळानं उठून बसली. गावापासून सात-आठ किलोमीटरवर जळक्या रबराचा वास आला. दादानं बाजूला घेण्याआधीच काहीतरी फटकन तुटलं. बॅटरीचा लाल दिवा लागला, एसीतून गरम हवा यायला लागली. बॉनेट उघडल्यावर पुली दिसली. ती जाम झाली होती, हातानंही हलत नव्हती. तीन दिवसांचा नवा पट्टा तिच्यावर घासून तुटला होता.

नऊ वाजून सव्वीस मिनिटांनी त्याचा मला फोन आला.

"पुली जाम झाली."

"वहिनी?"

"बसली हाये. धाप लागून रायली तिले."

"गावात फोन कर. कोणाची गाडी बोलाव."

"गावात एक गाडी नाई. सगळ्या लग्नाले गेल्या, चांदूर रेल्वेले. तू रुग्णवाहिकेले लाव, माह्या फोनले रेंज धरून नाई रायली."

मी लावला. जवळची रुग्णवाहिका एका अपघाताला गेलेली होती, ती मोकळी झाली की निघेल, असं उत्तर मिळालं. केंद्रावर लावला. त्यांनी सांगितलं की साडेअकरापर्यंत मशीन ठेवतो. मिस्त्रीला लावला. तो म्हणाला, "दुकान साडेदहाले उघडते. मी उघडताच पुली, पट्टा घेऊन निघतो. भाऊले सांगा, पट्ट्याबिगर गाडी हळू एक-दोन किलोमीटर चालते. मंग काटा लाल झाला का थांबा, थंडी होऊ द्या, अन् पुन्हा."

दादानं तसं केलं. दोन किलोमीटर, मग थांबणं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरलेली वावरं होती. सावली नव्हती. थांबलं की गाडीच्या आत भट्टी आणि बाहेर ऊन. वहिनी दार उघडून पाय बाहेर टाकून बसली. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा इंजिन उकळत होतं आणि सोबतचा पाण्याचा डबा संपला होता. उरली होती ती वहिनीची बाटली, दिवसभराच्या मापाची.

"घ्या, माह्या वाटचं पानी तिले पाजा," ती म्हणाली. "तिले डॉक्टरनं मना नाई केलं."

दादा बाटली घेईना. तिनं झाकण काढून त्याच्या हातात दिली. एक घोट तरी ठेव, तो म्हणाला. नको, ती म्हणाली, आज तशीही छातीत जागा नाही. हे वाक्य दादानं मला सांगितलं तेव्हा तो हे तिचं नेहमीचं बोलणं म्हणून सांगत होता. त्यातला वैद्यकीय अर्थ त्याला कळला होता की नाही, मला माहीत नाही.

दहा पन्नासला कांद्याचा एक टेम्पो आला. चालकानं तिला केबिनमध्ये घेतलं. दादा मागं पोत्यांवर बसला आणि गाडी बॉनेट उघडं तसंच सोडून दिली. त्यानं मला फोन करून सांगितलं, मिस्त्रीला येऊ नको म्हण. मिस्त्री पुली घेऊन भातकुलीच्या अलीकडं पोहोचला होता. तो तिथूनच परत फिरला.

टेम्पो अकरा चाळीसला केंद्राच्या दारात आला. मशीन दहा मिनिटांपूर्वी दुसऱ्या रुग्णाला लावलं होतं. त्यांनी दिलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबले नव्हते आणि कमीही नाही. वहिनीला लगेच शेजारच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात नेलं. ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. तिच्यासाठी दुसरं मशीन तयार करत होते. मी बडनेऱ्याला उतरलो तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. रिक्षात असताना दादाचा फोन आला. त्यात फक्त कुणीतरी स्ट्रेचर सरकवत असल्याचा आवाज येत होता.

डॉक्टर तरुण होते आणि नीट बोलले. फुप्फुसांत पाणी होतं, रक्तातलं पोटॅशियम फार वाढलं होतं, हृदय थांबलं. मी त्यांना विचारलं, वेळेवर आली असती तर? माझा सगळा जन्म लोकांना असेच प्रश्न विचारण्यात गेला आहे. ते म्हणाले, मोठ्या अंतरानंतरच्या दिवशी असं होऊ शकतं, वेळेवर आलेल्या रुग्णांतही होतं. नक्की काही सांगता येणार नाही. मी हे उत्तर दादाला शब्दशः सांगितलं. त्यानं मान हलवली.

तेरवीला केंद्रातल्या दुपारच्या पाळीची माणसं आली. डायलिसिसचा वार नव्हता म्हणून त्यांना येता आलं. त्यात धामणगावकडची एक म्हातारी होती. तिचा मुलगा वहिनीच्या शेजारच्या मशीनवर असायचा. जेवणं झाल्यावर ती मांडवाच्या कडेला माझ्याजवळ येऊन बसली. दादा तेव्हा आत होता.

"तू पेपरवाला भाऊ ना? शनिवारचा?"

"हो, आजी."

"तुया भावासारखा मानूस नाई पाहिला, बाप्पा. आमी चौघी-पाचजनी त्या पार्किंगमंधी उन्हात तडफडो. त्यानं एक रोज हाक मारली, म्हने, बुढे, ये, गाडीत बस. तवापासून दर मंगयवार, दर गुरुवार. तो एसी लावून ठेवे अकरापासून तीनपावतर. आमी आळीपाळीनं बसो. दोन उन्हाळे गारव्यात काढले पाह्य आमी."

"चार तास? गाडी चालू ठेवून?"

"मंग? बंद गाडीत गारवा कुठून येईन? अन् म्हने, माही बायको बाहीर येईन त गाडी थंडीच पायजे, तिले तहान नाई लागली पायजे. फक्त शनिवारी बंद ठेवे. म्हने, आज माहा भाऊ येते, तो कल्ला करते." म्हातारी हसली. हा तेरवीचा मांडव आहे हे आठवून तिनं पदर तोंडाला लावला.

त्या संध्याकाळी मी मिस्त्रीला फोन केला. इंजिन उभं चालू असलं तर किलोमीटरच्या भाषेत ते किती धरायचं, एवढंच विचारलं. तो म्हणाला, "घंट्याले तीस-चाळीस धरा. एसी लावून असन त त्याच्याबी वर. पट्टा अन् पुली मीटर नाई पायत, भाऊ. त्या फिरतात तवा फिरतात." मग त्यानं विचारलं, "भाऊ ठेवत होते ना?" मी हो म्हणालो. त्यानं फोन ठेवला.

मी वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड केली. आठवड्याला दोन दिवस, दिवसाला चार तास, दोन उन्हाळे. ते तास एक्केचाळीस हजारांत मिळवल्यावर पट्ट्याची मुदत संपलेली निघाली. पुलीची मुदत त्या आकड्यानं संपत नव्हती. पण पट्टा लवकर का गेला हे कळलं असतं, तर मिस्त्रीचा कान खरा मानायला मला कारण मिळालं असतं. ते पान मी फाडलं. वहीतलं फाडलेलं ते एकच पान.

नंतर दोन आठवड्यांनी, शुक्रवारी, दादाचा फोन आला. गाडी ओढून घरी आणलेली होती, अंगणात उभी होती.

"उद्या ये. पुली घ्याची हाये."

"दादा, उद्या शनिवार आहे."

"माहीत हाये मले."

आम्ही दुकानात गेलो. त्यानं पुली मागितली, पट्टा मागितला. पुली हातात घेऊन दोनदा फिरवून पाहिली आणि पिशवीत टाकली. मिस्त्री मोटरसायकलवर आमच्यासोबत गावी आला. अंगणात दीड तासात काम झालं. जुनी पुली त्यानं ओट्यावर ठेवली. बेअरिंगच्या गोळ्या जळून निळ्या पडल्या होत्या आणि ग्रीसची काळी खपली झाली होती. वहिनी ज्या पायऱ्यांवर धाप लागून थांबायची त्यांच्या वरच्या टोकाला ती ठेवलेली होती. मिस्त्रीनं चहा घेतला, हात धुतले आणि तो निघून गेला.

"तुया वहीत पुलीले लाख होते ना?" दादानं विचारलं.

"हो."

"मंग काहून गेली असन?"

तो माझ्याकडं पाहत नव्हता. फडक्यानं बॉनेटवरचे तेलाचे डाग पुसत होता. त्याला उत्तर माहीत आहे आणि ते माझ्या तोंडून यावं की येऊ नये हे तो पाहतो आहे, असं मला वाटलं. मी चुकत असेन.

"बेअरिंगमध्ये मुळातच खोट असेल," मी म्हणालो. "एखादं निघतं तसं."

"लिव मंग वहीत."

मी तारीख लिहिली, मीटरचा आकडा लिहिला, पट्टा आणि पुली असं लिहिलं. कारणाचा रकाना वहीत नव्हता.

मग दादा गाडीत बसला आणि त्यानं ती सुरू केली. पट्टा चिरकला नाही, पुलीचा आवाज आला नाही. त्यानं एसी लावला, काचा वर केल्या आणि मागच्या सीटवरची उशी सरळ केली. जायचं कुठंच नव्हतं. गाडी अंगणात उभी चालू राहिली. मी ओट्यावर बसून होतो. बराच वेळ झाला तरी त्यानं ती बंद केली नाही, आणि मी बंद कर म्हणालो नाही.